अठ्ठेचाळीस पराभव आणि एक गुण

तुमच्या वर्गाची टीम लागोपाठ किती सामने हरली, तर तुम्ही मैदानावर जाणं सोडाल? पाच? दहा? ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरातला सेंट किल्डा हा संघ चक्क ४८ सामने हरला!

१८९७ साली व्हिक्टोरिया प्रांतातल्या आठ क्लबांनी नवी फुटबॉल लीग सुरू केली. हा फुटबॉल आपल्यासारखा नव्हे बरं का! चेंडू लंबगोल, मैदानही लंबगोल आणि दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू मारला की गोल, म्हणजे ६ गुण. थोडा हुकून बाजूच्या खांबाच्या आतून गेला, तर १ गुण.

पहिल्या वर्षी एसेंडन संघ विजेता ठरला. सेंट किल्डाची पाटी मात्र कोरीच! १८९८ आणि १८९९ सालीही तेच. तरी १९०० साली गडी पुन्हा मैदानात हजर. मेलबर्न क्लबशी सामना बरोबरीत सुटला. पण मेलबर्नचा एक गुण घंटा वाजून गेल्यावर मिळालेला होता. सेंट किल्डाने तक्रार केली, ती मान्य झाली आणि एका गुणाने पहिला विजय मिळाला!

पहिल्या विजेतेपदासाठी मात्र १९६६ साल उजाडावं लागलं. अंतिम सामन्यात कॉलिंगवूडवर ७४ विरुद्ध ७३ अशी मात! पुन्हा एकच गुण. आणि तोही गोल हुकलेल्या चेंडूचा!

मग काय, पुढच्या सामन्याला जाणार ना?