लोट्याचं पाणी आजच तपासा, नंतर नको

लोटे एमआयडीसीचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, 'कारखाने हटवा.' दुसरी म्हणते, 'मग पोरांनी मुंबईच गाठायची का?' माझं दोन्हीकडे उठणं-बसणं आहे. म्हणून आज या वादात न पडता फक्त पाण्याबद्दल बोलतो.

इटलीत व्हिचेंझा जिल्ह्यात त्रिसिनो नावाचं गाव आहे. तिथे मितेनी नावाचा रसायनांचा कारखाना होता. त्याचं सांडपाणी कित्येक वर्षं जमिनीत मुरत राहिलं. त्यातली 'पीफास' रसायनं भूजलात गेली आणि तिथून नळाला आली. पाण्याला ना रंग, ना वास, ना चव. 2013 मध्ये प्रकरण उघडकीला आलं, तोवर साडेतीन लाखांच्या आसपास लोकांचा परिसर त्याच्या कचाट्यात सापडला होता. मुलांच्या रक्तात ही रसायनं निघाली तेव्हा तिथल्या आया रस्त्यावर उतरल्या. 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. जून 2025 मध्ये कोर्टाने 11 जणांना दोषी ठरवलं, सगळ्यांची शिक्षा मिळून 141 वर्षं.

हे आपल्याला का सांगतोय? कारण त्याच कारखान्याची यंत्रसामग्री लिलावात एका भारतीय कंपनीने घेतली आणि ती आपल्या खेड तालुक्यात, लोट्याला आली.

मी कुणावर आरोप करत नाही. यंत्रं तीच आली म्हणजे इथेही तेच होईल, असं नाही. पण ही रसायनं निसर्गात जवळजवळ कुजतच नाहीत, म्हणून तर त्यांना 'कायमची रसायनं' म्हणतात. पाणी उकळून ती जात नाहीत. तुरटीने नाही, ब्लीचिंग पावडरने तर नाहीच. त्यातल्या पीफोआ या एका रसायनाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2023 मध्ये माणसाला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या यादीत टाकलं. अमेरिकेने 2024 मध्ये पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा ठरवली: लिटरला 4 नॅनोग्रॅम. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग करा, त्यातले चार!

आता माझीच एक कबुली. 'पाणी पिण्यास योग्य, अहवालात स्पष्ट' ही बातमी मी स्वतः कैक वेळा दिली आहे. बातमी खोटी नव्हती. पण नेहमीच्या तपासणीत जंतू बघतात, गढूळपणा, क्षार, क्लोरीन बघतात. पीफास कुणी शोधतच नाही. पिण्याच्या पाण्याच्या आपल्या मानकात, आयएस 10500 मध्ये, त्याला मर्यादाच दिलेली नाही. जे शोधलंच नाही ते अहवालात सापडणार कसं? 'योग्य' हा शब्द मी डोळे झाकून छापत होतो.

म्हणून मागणी एकच. लोट्याच्या आसपासच्या विहिरी, बोअरवेल, नळपाणी योजनांचे उद्भव, वाशिष्ठी आणि दाभोळ खाडी, इथल्या पाण्याचे नमुने आत्ताच घ्या. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पीफाससाठी तपासा. आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. मग दर सहा महिन्यांनी पुन्हा तपासा.

आजच का? कारण आजचा आकडा हातात नसेल तर दहा वर्षांनी कुणीही म्हणेल, 'हे तर आधीपासूनच होतं.' खाडीत मासे मेले की आपण हे ऐकत आलोच आहोत. दरवेळी भोई बांधव मेलेली मासळी दाखवतात आणि दरवेळी त्यांनाच विचारलं जातं, 'पुरावा काय?'

कारखाना चोख चालत असेल तर या तपासणीने त्याचंच नाव राहील. पोरांचा रोजगारही जाणार नाही. मग अडचण कुणाला आहे?

पुढच्या ग्रामसभेत हा ठराव मांडा. मंजूर झाला की प्रत मला पाठवा. या वेळी मी अहवाल आधी वाचीन, मगच छापीन.