नक्कल बंदुकीची, विसर माणसाचा

‘सायलेन्सर’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे फटफटी उभी राहते. बंदुकीचा सायलेन्सर हा तिच्या सायलेन्सरचाच भाऊबंद. १९०९ साली हायरम पर्सी मॅक्झिम या अमेरिकन अभियंत्याने त्याचे पेटंट घेतले. गंमत अशी की, मशीनगनचा जनक हायरम मॅक्झिम हा याचाच बाप! बापाने रणांगणावर कल्लोळ माजवला आणि लेकाने बंदुकीच्या तोंडावर हात ठेवला.

युक्ती साधी आहे. गोळीमागोमाग सुटणारा तप्त वायू एकदम बाहेर न पडता कप्प्याकप्प्यांतून सावकाश निघाला, की धमाका दबतो. मात्र गोळी ध्वनीपेक्षा वेगाने जात असेल, तर हवा फाटल्याचा कडाका उरतोच. म्हणून दुसऱ्या महायुद्धात विल्यम डी लाइल या इंग्रजाने निराळा विचार केला. एन. सी. सी.च्या मुलांना ठाऊक असलेल्या ‘थ्री-नॉट-थ्री’ रायफलीचा सांगाडा त्याने घेतला, तीत पिस्तुलाची जाड, संथ गोळी बसवली आणि नळीभोवती लांब सायलेन्सर चढवला. ब्रिटिश कमांडोंनी ही कार्बाइन युरोपात आणि ब्रह्मदेशात वापरली. अशा बंदुका जेमतेम सव्वाशे-दीडशेच तयार झाल्या.

एवढ्याशा संख्येची ही बंदूक, पण परदेशी हौशी संग्राहकांनी तिचे कोडकौतुक केले. मापे काढली, नोंदी धुंडाळल्या. अमेरिकेत तिच्या प्रतिकृती बनवून विकल्याही गेल्या. आपल्याकडे ही हौस चालणार नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याने बंदुकीचा आवाज दाबणारे साधनसुद्धा ‘अग्निशस्त्र’च मानले आहे, आणि ते योग्यच आहे. एरवी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लोखंडाची नक्कल करणे काय अवघड?

माझे म्हणणे वेगळेच आहे. त्या संग्राहकांची हौस सोडून द्या, चिकाटी मात्र उचला! एका बंदुकीच्या स्क्रूपर्यंतची नोंद जग ठेवते. त्याच युद्धात लढलेल्या आपल्या माणसांची नोंद आपण किती ठेवली? यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडले. नामदेव जाधवांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी जखमी सोबत्यांना सुरुंगांतून वाट काढत पाठीवरून आणले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, म्हणून त्यांची नावे राहिली. बाकीच्यांचे काय? कोल्हापूर संस्थानाची राजाराम रायफल्स ही पलटण १९४९ च्या विलीनीकरणानंतर मराठा लाइट इन्फन्ट्रीत सामावली गेली. तिच्यातल्या किती शिपायांची नावे आपल्याला सांगता येतील? पत्रे चुलीत गेली, पदके मोडीत गेली, आणि गणवेशातला फोटो भिंतीवरून उतरून माळ्यावर गेला.

कोणी म्हणेल, सैनिकांच्या कथा म्हणजे युद्धाचा उदोउदो. मला हे पटत नाही. युद्धाचा खरा उदोउदो करते ती चकचकीत, मुकी बंदूक! ती कोणाच्या खांद्यावर होती, तो घरी परतला का, त्याच्या बायकोने ती वर्षे कशी काढली, हे बंदूक सांगत नाही, माणूस सांगतो. त्याची गोष्ट ऐकणारा सहसा युद्धाच्या प्रेमात पडत नाही.

मित्रहो, दुसऱ्या महायुद्धातला शिपाई आता क्वचितच भेटेल. पण १९६५ आणि १९७१ चे जवान कागल तालुक्यात अजून पारावर बसलेले दिसतील. एन. एस. एस.च्या शिबिरात रस्ते झाडतोच. एक दिवस वही घेऊन त्यांच्यापाशी बसू या. नाव, गाव, पलटण, साल, आणि ते सांगतील ते. बंदुकीचा आवाज दाबायला यंत्र लागते. माणसाचा आवाज मात्र नुसत्या दुर्लक्षाने बंद पडतो.