पहिला डॉक्टर न्यायालयाने दाखवला



‘माथेफिरू तरुणाचा हल्ला’ हा मथळा या आठवड्यात वाचला. तो तरुण माझ्या शेजारचा. मंगळवारी न्यायालयाचा कागद घेऊन मी त्याच्यासोबत सरकारी मानसोपचार ओपीडीत बसलो होतो. चार वर्षे तो रात्र-रात्र जागतो, भिंतीशी बोलतो. आईने गंडेदोरे केले, नवस केले. मारामारीचा गुन्हा नोंदला गेला तेव्हा कुठे त्याला पहिला मानसोपचारतज्ज्ञ दिसला, तोही पोलीस शेजारी बसवून!

२०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशात लाख लोकांमागे ०.०५ मानसोपचारतज्ज्ञ निघाले; केरळात १.२. म्हणजे आपल्याकडे वीस लाखांना एक. २०११च्या जनगणनेत धार जिल्हा २१ लाख ८५ हजारांचा, देवास १५ लाख ६३ हजारांचा. या हिशेबाने धारला जेमतेम एक, आणि देवासला तोही पुरा नाही. नंतर भर पडली असेल, पण मंगळवारची रांग तसे सांगत नव्हती. वीस लाखांना एक डॉक्टर असेल, तर आजारी माणूस आधी ठाण्यातच पोहोचणार.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६७ने मनोरुग्ण वाटणाऱ्या आरोपीला सिव्हिल सर्जनकडे आणि पुढे तज्ज्ञाकडे पाठवण्याची सोय केली आहे. पण धार जिल्ह्यातल्या कुक्षीकडच्या, फक्त भिलाली बोलणाऱ्या माणसाला ‘कानात आवाज येतात का?’ हे विचारायचे कोणी? शिपायाने? आणि त्या उत्तरावर तो खटल्याला उभा राहू शकतो की नाही हे ठरायचे? मनोरुग्ण ठरलेला आरोपी कसा विसरला जातो ते पाहा: आसामच्या मचांग लालुंग यांना १९५१मध्ये पकडले, सोडले २००५मध्ये. ५४ वर्षे गेली, खटला चाललाच नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ला लागू झाला. पुरेसे तज्ज्ञ नेमायला त्यात सरकारला दहा वर्षांची मुदत आहे. ती मे २०२८ला संपते. तोवर निदान धार आणि देवासच्या जिल्हा रुग्णालयांत न्यायालयीन तपासणीचा वार ठरवा, भिली-भिलाली जाणणारा समुपदेशक बसवा.

आणि वृत्तपत्रांनी ‘माथेफिरू’ हा शब्द टाकून द्यावा. त्या मुलाच्या आईला वाचता येत नाही. तिने कात्रण माझ्या हातात दिले. मी तो शब्द गाळून वाचला.

— एक वाचक, देवास