आधी फाइल, मग अनुवाद

खरवईच्या एमआयडीसीत रासायनिक कारखाने आहेत. अशा कारखान्यांची कामगारांसाठीची सुरक्षा माहिती ज्यांनी मराठीत आणली आहे, त्यांना या कामातली खरी अडचण ठाऊक असेल. परिभाषेचे काहीतरी जमवता येते, घोडे अडते ते फाइलपाशी. नवे इंग्रजी माहितीपत्रक स्कॅन करून आलेले असते आणि जुनी मराठी पुस्तिका श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टात टाइप केलेली. वर ग्राहकाचा आग्रह असा, की जुना अनुवाद तयारच आहे, तो अनुवादाच्या सॉफ्टवेअरच्या मेमरीत घाला आणि दर कमी करा.

कृतिदेवमधले ‘काम’ पडद्यावर नीट दिसते, पण फाइलीत साठवलेली असतात डी, के आणि ई ही रोमन अक्षरे. ट्रॅडॉस, मेमोक्यू, ओमेगाटी या सॉफ्टवेअरपैकी कोणालाच त्यात मराठी सापडत नाही. कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. मात्र जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाइप होतो, त्यामुळे जोडाक्षर आले की दोन्ही भलत्या जागी जाऊन बसतात. हे पकडायला मराठी वाचणाराच लागतो.

युनिकोडमध्ये आल्यावरही काम संपत नाही. ‘ॲसिड’मधला ॲ दोन प्रकारे साठवला जातो: ‘अ’ला वेगळा चंद्र जोडून, किंवा २००८ साली युनिकोडमध्ये आलेल्या स्वतंत्र अक्षराने. डोळ्यांना फरक कळत नाही, सॉफ्टवेअरला मात्र हे दोन निराळे शब्द वाटतात आणि शब्दसंग्रहातली नोंद समोर येत नाही. अर्ध्या ‘र’चे दुखणे याहून वाईट. ‘वाऱ्याच्या’मधला र एका फाइलीत नुक्त्याचा असतो, तर दुसरीत साधा र आणि त्याला चिकटलेले एक अदृश्य चिन्ह. पीडीएफमधून आलेला कचरा काढताना सगळी अदृश्य चिन्हे सरसकट उडवली, की दुसऱ्या फाइलीत ‘वार्याच्या’ उरते. वायुगळती झाली तर कोणत्या दिशेला पळायचे, हे सांगणाऱ्या वाक्यातला तो शब्द असतो. तिथे वाचणारा क्षणभरही अडखळता कामा नये.

बाकीची साफसफाई तुलनेने सरळ आहे. ओळीच्या शेवटी तुटलेले परिच्छेद जोडायचे, ओसीआरने पेरलेले टॅग काढायचे, ‘क्र.’ आणि ‘मि.ली.’पाशी वाक्य तुटू नये म्हणून अपवाद नोंदवायचे. आकडे मात्र मूळ प्रतीशी एकेक करून ताडायलाच हवेत. पुसट स्कॅनमधला दशांशचिन्हाचा ठिपका गळाला, तर मात्रा दसपट होते.

भोपाळच्या १९८४च्या दुर्घटनेनंतर, १९८७मध्ये, कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली आणि कामगारांना धोक्याची माहिती देणे मालकावर बंधनकारक झाले. ती माहिती वाचनीय व अचूक ठेवण्यात आपला, अनुवादकांचा, वाटा आहे, आणि फाइल तयार करणे हा त्याचाच भाग आहे. म्हणून हे काम फुकटात करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. दरपत्रकात ‘फाइल-तयारी’ अशी वेगळी ओळ घाला आणि तिचा दर तासावर लावा. त्याआधी ग्राहकाकडे मूळ वर्ड किंवा पेजमेकरची फाइल मागा. अनेकदा ती छापखान्याच्या संगणकात पडून असते आणि कोणी मागितलेलीच नसते.