विकतचे आजोबा

अमेरिकेत आजोबा विकत मिळतात. थट्टा नव्हे. घरसजावटीची 'प्रेपी' नावाची एक रीत तिकडे आहे, आणि तिचे सारे दुकान याच मालावर चालते. आपल्या गावातल्या एका नव्या फ्लॅटचा नकाशा पाहत असताना सजावटकाराच्या तोंडून तोच शब्द मी ऐकला. म्हटले, एवीतेवी पाहुणा दारात आलाच आहे, तर त्याचे कूळ विचारून घ्यावे.

'प्रेपी' हा शब्द 'प्रेपरेटरी स्कूल'वरून आला. अँडोव्हर (१७७८), एक्झिटर (१७८१) अशा जुन्या खासगी शाळा, तिथून हार्वर्ड-येल, आणि पुढे वाडवडिलांच्या पेढीतली खुर्ची, अशी ज्यांची वाट जन्मतःच आखलेली, त्या घरांचा हा थाट. गडद निळे-पांढरे पट्टे, गुलाबी-हिरव्याची जोडी, फुलाफुलांचे पडदे, अभ्र्यांवर भरलेली आडनावाची आद्याक्षरे, चिनी निळ्या-पांढऱ्या बरण्या, पितळी दिवे, आणि भिंतीवर कॉलेजच्या होडीशर्यतीतले वल्हे.

यात दोन पंथ आहेत. जुन्यांच्या आचार्या म्हणजे सिस्टर पॅरिश (१९१०-१९९४). 'सिस्टर' हे घरातले लाडके नाव, संन्यासिनीचे नव्हे. १९६१ साली केनेडी दांपत्य व्हाइट हाउसमध्ये राहायला आले तेव्हा सजावटीला त्याच होत्या. या पंथाचे म्हणणे असे, की वस्तू वारशाने यावी, वापरून विटलेली असावी, आणि खोली एका दिवसात सजवल्यासारखी दिसू नये. नव्यांना एवढा धीर नाही. त्यांना रंग भडक हवेत, फर्निचर चकचकीत हवे, भिंती मोकळ्या हव्यात, आणि सारे एकाच खरेदीत हवे. १९८० साली लिसा बर्नबाखने या मंडळींची थट्टा करणारे 'द ऑफिशियल प्रेपी हँडबुक' काढले, तर लोकांनी तेच मार्गदर्शक म्हणून हाती धरले! १९८३ साली राल्फ लॉरेनने चादरींपासून फर्निचरपर्यंत अख्खे घर विकायला मांडले. हा ब्राँक्समध्ये वाढलेला, स्थलांतरित ज्यू आईबापांचा मुलगा. जन्माचे आडनाव लिफ्शिट्झ.

जुने लोक नव्यांना हिणवतात : तुमचे सगळे विकतचे! मी जुन्यांना विचारतो, तुमचे तरी काय घरचे? ज्या फुलांच्या कापडाला तुम्ही 'चिंट्झ' म्हणता, ती आमची चीट. कोरोमंडल किनाऱ्यावरून ती इतकी गेली, की फ्रान्सने १६८६ साली आणि इंग्लंडने १७०० व १७२१ साली कायदे करून ती अडवली. 'सीअरसकर' हा शब्द फारसी शीर-ओ-शक्करचा, म्हणजे दूधसाखरेचा, अपभ्रंश. चौकड्यांचे कापड मद्रासचे. धुताना त्याचा रंग जाई, तर १९५० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांनी 'रंग जाणारच' अशी हमी देऊन तेच गुण म्हणून खपवले. बरण्या चीनच्या, पायाखालची सतरंजी आपली. खानदानी दिवाणखान्यातले निम्मे खानदान आमच्या विणकरांचे. पण अभ्र्यावर आद्याक्षरे आहेत ती मालकाची.

आणि ते वल्हे? ते शोभेसाठी नाही, कुंपण म्हणून आहे. १९२० च्या दशकात याच विद्यापीठांनी ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येला लगाम घातला. येल आणि प्रिन्स्टनने पदवीवर्गात मुली घेतल्या त्या १९६९ साली. तेव्हा लॉरेनला मी नावे ठेवणार नाही. ज्या घरात त्याच्या बापाला कुणी पाणी विचारले नसते, ते घर त्याने कुणालाही विकत घेता येईल असे केले. माझी तक्रार त्याच्या गिऱ्हाइकाशी आहे. ज्या कुंपणाने त्याला बाहेर ठेवले, त्याचेच चित्र तो हौसेने आपल्या भिंतीवर लावतो.

आता आपल्या घराकडे वळू. आपण सीमेवरची माणसे. वारसा हा शब्द आपल्या तोंडी फार. पण नवलगुंदचा जमखाना माळ्यावर कसर खात पडतो किंवा भंगारवाल्याकडे जातो, आणि प्रदर्शनातून आणलेल्या खणाच्या तुकड्याची चौकट दिवाणखान्यात मिरवते. पणजोबांचा मोडी कागद काचेत बसवून टांगतो. त्यातली एक ओळ घरातल्या कुणाला लागत नाही. कागद उलटा टांगला तरी कळायचे नाही! मोडी सोडा, त्याच भिंतीखाली बसणाऱ्या नातवाला या अंकाचे एक पान सलग वाचता येत नाही. हीच आपली प्रेपी सजावट. फरक इतकाच, की अमेरिकन माणूस नसलेले आजोबा विकत आणतो, आणि आपण असलेल्या आजोबांचे शोपीस करतो.

कुणी म्हणेल, फ्लॅट लहान, मुलांच्या शाळा इंग्रजी, एक कागद टांगला तर बिघडले काय? टांगण्याने बिघडत नाही. टांगून मोकळे झालो असे वाटण्याने बिघडते. भाषा शोभेची वस्तू झाली की तिच्यावरची धूळ तेवढी पुसायची उरते.

दुसरे कुणी म्हणेल, मग घरात फक्त 'आपले' तेवढेच ठेवावे. हेही वल्हेच! नवलगुंदचा जमखाना मुसलमान विणकरणींच्या मागावरचा, धारवाड जिल्ह्यातला. त्यावर आपल्या लग्नाच्या बैठका झाल्या. गुळेदगुड्डच्या खणाची चोळी आपल्या आज्यांनी अंगात घातली. या भागात वारसा दोन भाषांतून येतो, आणि त्यातले एक सूत उसवले तर दुसरे टिकत नाही.

जुन्या पंथाचे एक म्हणणे मात्र मला पटते : वस्तू वापरावी, झिजवावी, रफू करावी. तेव्हा जमखाना माळ्यावरून काढा आणि त्यावर बसा. मोडी कागद काचेतून काढा आणि जाणकाराकडून वाचून घ्या. त्यात बहुधा जमिनीचा तंटा निघेल, पराक्रम निघणार नाही, तरी वाचा. आणि नातवाकडून रोज एक पान मोठ्याने वाचून घ्या. तो अडखळेल. अडखळू द्या. भिंत थोडी उघडी राहिली तरी चालेल.