गावठी गुलाबच बरा

आरोग्याच्या सदरात गुलाब कसा काय आला, असे आज काही वाचकांना वाटेल. परंतु आम्हा डॉक्टरांचे विषय पुस्तकातून कमी आणि दवाखान्याच्या दारातून जास्त येतात. हा विषयही असाच एका दुपारी ऑटोरिक्षात बसून आला.

दसऱ्याच्या आधीचे दिवस होते. ऊन रणरणत होते. माझ्या चांगल्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांना त्यांच्या मुलाने दोन्ही हातांनी धरून आत आणले. नाव-गाव सांगत नाही. गुरुजी घामाने निथळत होते, तोंडातून लाळ गळत होती, उलट्या चालू होत्या, दंडाचे स्नायू थडथड उडत होते. डोळ्यांत बॅटरी मारली तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. शर्टाला उग्र वास. मी विचारले, "गुरुजी, फवारणी केली का?"

उत्तर मुलाने दिले. "शेतात कुठं गेले जी डॉक्टरसाहेब! घरच्या गुलाबाले थोडं औषध मारलं सकाळी. दोनच टोपणं टाकली होती."

शर्ट काढून अंग साबणाने धुतले, अ‍ॅट्रोपिनची इंजेक्शने सुरू केली आणि जिल्हा रुग्णालयात रवाना केले. सहा दिवसांनी गुरुजी घरी परतले. वाचले, हे नशीब.

नंतर त्यांना पाहायला घरी गेलो. समोरच्या अंगणात सहा कलमी गुलाब, लाल, पिवळे, दोन रंगांचे. कपाशीसाठी आणलेले उरलेले कीटकनाशक थंड पेयाच्या बाटलीत ओतून न्हाणीघराच्या कोनाड्यात ठेवलेले. फवारणीचा पंप गळका. त्या गळतीने गुरुजींच्या शर्टाची पाठ भिजली होती आणि तोच शर्ट अंगात ठेवून त्यांनी जेवण केले होते.

मागच्या बाजूला, मोरीच्या पाण्यावर वाढलेला, कमरेएवढा एक गावठी गुलाब होता. वहिनींनी लग्नानंतर माहेरच्या झाडाची फांदी आणून लावलेला. आणि कट्ट्यावर उन्हात काचेची बरणी. गुलकंद. मी विचारले, "वहिनी, पाकळ्या कोणत्या झाडाच्या?" त्या म्हणाल्या, "मागच्याच आहेत. पण कमी पडल्या, म्हणून थोड्या समोरच्याही घेतल्या. नातीला फार आवडतो."

नात पाच वर्षांची. ती बरणी मी माझ्या डोळ्यांदेखत खड्ड्यात पुरायला लावली.

वाचकहो, माझे म्हणणे एवढेच आहे. ज्या फुलाला आपण नाकाशी धरतो, देवाला वाहतो, मुलीच्या वेणीत माळतो आणि ज्याच्या पाकळ्या खातो, ते फूल विषाशिवाय वाढले पाहिजे. कलमी गुलाब तसा वाढवणे कठीण आहे. गावठी गुलाब तसा सहज वाढतो.

गुरुजींना मी नावे ठेवत नाही. दवाखान्यासमोरच्या कलमी गुलाबांवर मीही कितीतरी वर्षे फवारणी केली आहे, तीही रविवारी सकाळी चहाचा कप शेजारी ठेवून. डॉक्टर असून! याचे कारण आपल्या भाषेतच आहे. आपण विषाला 'औषध' म्हणतो. औषध म्हटले की भीती जाते, आणि भीती गेली की हातमोजे, फडके, आंघोळ सगळेच जाते. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना दवाखान्यात दाखल व्हावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. शेतातले तेच विष चार फुटांच्या अंगणात, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली फवारायचे, हे कोणत्या हिशेबात बसते? मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला 2005 सालीच बंदी झाली. मग ज्या पाकळ्यांचा गुलकंद करायचा, त्या भाजीपेक्षा वेगळ्या आहेत काय?

कलमी गुलाबाला फवारणी इतकी का लागते, तेही पाहू. आजच्या मोठ्या फुलांच्या जातींचा आरंभ 1867 च्या 'ला फ्रान्स' या फ्रान्समधील गुलाबापासून मानतात. पुढे पेर्ने-द्यूशे या फ्रेंच बागवानाने इराणकडच्या पिवळ्या गुलाबाच्या संकरातून तयार केलेला 'सोले दॉर' 1900 साली बाजारात आणला. त्यातून गुलाबांना झगझगीत पिवळा आणि केशरी रंग मिळाला, पण पानांवर काळे ठिपके पडण्याची खोडही त्याच घराण्यातून आली, असे जाणकार सांगतात. पुढे निवड होत गेली ती रंगाची, लांब दांड्याची आणि फुलदाणीत टिकण्याची. वास मागे पडला. म्हणजे रोग घेतला, सुगंध दिला, असा हा सौदा!

गावठी गुलाब दिसायला साधा. फिकट गुलाबी, गच्च पाकळ्यांचा, दांडा आखूड, फूल जेमतेम एक दिवस टिकणार. फुलदाणीसाठी निरुपयोगी. परंतु एक फूल उमलले की ओसरीपर्यंत वास येतो. पावसाळ्यात याचीही पाने डागाळतात आणि गळतात, हे खोटे सांगणार नाही. पण झाड स्वतःच्या मुळांवर उभे असल्यामुळे पुन्हा खालून फुटते. वर्षातून एकदा छाटले तर कमरेच्या फारसे वर जात नाही, त्यामुळे लहान अंगणात किंवा मोठ्या कुंडीतही मावते.

लावायचा कसा? विकत घेण्याची गरजच नाही. शेजारणीकडून पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांब फांदी मागून आणा. दोन-तीन डोळे मातीत जातील अशी सावलीत रोवा आणि ओल ठेवा. दीड-दोन महिन्यांत मुळे धरतात. मग दिवसाचे पाच-सहा तास ऊन मिळेल अशा जागी, दीड फूट खड्ड्यात कुजलेले शेणखत घालून लावा. चंद्रपूर आणि गडचिरोली 1982 पर्यंत एकच जिल्हा होते, पण माती सगळीकडे एक नाही. वरोरा-राजुऱ्याकडच्या काळ्या मातीत पाणी साचून मूळ कुजते, तिथे खड्ड्यात वाळू आणि मुरूम मिसळा. मूल-सिंदेवाही, आरमोरी-वडसाकडे धानाच्या पट्ट्यात बुडाशी तणस अंथरा, म्हणजे ओल टिकेल. छाटणी ऑक्टोबरात करा, थंडीत बहर येतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45-46 अंशांवर जातो, तेव्हा पाणी सकाळीच द्या. कुंडीखालची ताटली मात्र दर आठवड्याला कोरडी करा, नाहीतर गुलाबाबरोबर डेंग्यूचे डासही पाळाल.

मावा पडला तर पाण्याचा जोरदार फवारा मारा, दोन-तीन दिवस रोज. तेवढ्याने भागले नाही तर निंबोळी अर्क: 50 ग्रॅम कुटलेली निंबोळी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, किंचित साबण घालून फवारा. निंबाचे तेलही लहान मुलाच्या पोटात गेले तर घातक ठरते, तेव्हा तेही उंचावरच ठेवा. गुलकंदाच्या पाकळ्या घ्यायच्या असतील त्या आठवड्यात नुसते पाणी.

गुलकंदाविषयीही स्पष्ट बोलतो. चवीला उत्तम, पण त्यात निम्म्याहून अधिक साखर असते. मधुमेही मंडळींनी 'थंड असतो' म्हणून चमचे मोजणे सोडू नये. आणि गुलकंदाने उष्माघात टळत नाही. तो पाणी, सावली आणि विश्रांती यांनीच टळतो.

फवारणीनंतर घाम, लाळ, उलटी, धाप किंवा अंधुक दिसणे यांपैकी काहीही झाले तर वाट पाहू नका. कपडे काढा, अंग साबण-पाण्याने धुवा. धुणाऱ्याने हाताला प्लॅस्टिकची पिशवी तरी बांधावी. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. 108 ला फोन करा आणि विषाचा डबा सोबत आणा. त्यावरचे नाव आम्हाला फार उपयोगी पडते. कोणतेही कीटकनाशक खाण्यापिण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नका.

गुरुजींच्या अंगणात आता कलमी झाडे नाहीत. वहिनींनी मागच्या झाडाच्या फांद्या समोर लावल्या आहेत. त्यांतली एक माझ्या दवाखान्याच्या पायरीशी आहे. तिला यंदा सात फुले आली. ती हुंगताना श्वास रोखावा लागत नाही, हे मला फार मोठे वाटते. कोणाला फांदी हवी असल्यास ऑक्टोबरात छाटणीच्या वेळी अवश्य यावे.