गोत्र आडवे आले म्हणून!

मराठी रंगभूमीवरच्या नायिका रडल्या किती आणि 'नाही' म्हणाल्या किती, याचा कोणी हिशेब मांडला, तर पहिल्या रकान्याला वही पुरायची नाही आणि दुसऱ्याला पाठकोरा कागदही जास्त होईल. ऐन दिवाळीत हा हिशेब काढणे म्हणजे करंजीत खडा लागण्यासारखे आहे, हे मला कळते. पण हल्ली दिवाळी पहाटेच्या मैफलींत जुनी नाट्यपदे हमखास होतात. आपण ताना-पलट्यांना माना डोलावतो. ते पद म्हणणाऱ्या नायिकेवर नाटकात त्या घटकेला काय गुदरलेले असते, हे मात्र सहसा कोणी आठवत नाही.

गोविंद बल्लाळ देवलांची शारदाच घ्या. नाटक १८९९ सालचे. बाप कांचनभट पैशाच्या लोभाने या कोवळ्या पोरीला भुजंगनाथ नावाच्या जख्ख म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघतो. आई इंदिराकाकू तळमळते, मैत्रिणी हळहळतात, शारदा गाण्यातून आपली भीती सांगते आणि प्रेक्षक डोळे पुसतात. तरीही लग्नाची तयारी काही थांबत नाही. ती थांबते केव्हा? वर आणि वधूचा बाप एकाच गोत्राचे निघतात तेव्हा! सगोत्र विवाह शास्त्राला मान्य नाही, या एका आधारावर कोदंड ते लग्न मोडून काढतो. पुढे जीव द्यायला निघालेल्या शारदेला तो वाचवतो आणि त्यांच्या लग्नाला शंकराचार्यांची संमती मिळते.

म्हणजे पाहा, मुलीच्या अश्रूंनी जे झाले नाही ते गोत्राने केले. गोत्र वेगळे निघाले असते तर? मला वाटते, हा देवलांचा दुबळेपणा नव्हे, हे त्यांचे खरेपण आहे. त्या काळी मुलीच्या नकाराला लग्नाच्या बाजारात दमडीची किंमत नव्हती. शास्त्राला अडवायचे तर शास्त्रच पुढे करावे लागे.

नकार दिल्यावर काय होते, हे मुंबईने थोडे आधी डोळ्यांनी पाहिले होते. लहानपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जायचे नाकारले. १८८४ साली खटला उभा राहिला आणि १८८७ साली नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल झाला. आपण तुरुंगात जाऊ, पण नांदायला जाणार नाही, अशी त्या बाईंची तयारी होती! १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली. पुढे रखमाबाई विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. मात्र असे ठाम 'नाही' म्हणणारी नायिका शारदेच्या मांडवात उभी करणे तेव्हाच्या रंगभूमीला झेपण्यासारखे नव्हते.

शारदेनंतर वीस वर्षांनी सिंधू आली. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी वारले आणि त्यानंतर महिन्याच्या आत 'एकच प्याला' बडोद्याला रंगमंचावर आले. वकील सुधाकर दारूपायी संसाराची राखरांगोळी करतो. सिंधू भावाची मदत नाकारून दळणे दळते. नवऱ्याच्या हातून तान्हे मूल जाते, तिलाही जीवघेणा मार बसतो. आणि मरताना फौजदारासमोर ती नवऱ्याला वाचवण्यासाठी खोटा जबाब देते.

हे नाटक वर्गात शिकवताना एक प्रश्न हटकून येतो, आणि बहुधा मुलींच्या बाकांवरून येतो, "सर, ती माहेरी का गेली नाही?" मी आधी कायदा सांगतो. पांढरपेशा हिंदू घरातल्या बाईला तेव्हा घटस्फोट नव्हता. मुंबई प्रांतात तो १९४७ साली आला आणि देशभर १९५५ साली. बापाच्या वडिलार्जित इस्टेटीत मुलीला मुलाइतका हक्क देशभर मिळायला २००५ साल उजाडले. मुली हे सारे वहीत उतरून घेतात, पण त्यांचे समाधान होत नाही. ते खरेच आहे. सिंधूचा भाऊ पद्माकर तिला न्यायला तयार होता. दार उघडे होते, उंबरठा तिच्या मनात होता. बाहेरचा जुलूम शारदेला दिसत तरी होता. सिंधूला तो जुलूम वाटतच नाही, तिला तो धर्म वाटतो.

गडकऱ्यांना हे दिसत नव्हते असे मात्र कोणी म्हणू नये. त्याच नाटकात तळीरामाची बायको गीता आहे. दारुड्या नवऱ्याविषयी ती तोंड वाजवून खरे बोलते. पण खरे बोलण्याचे काम त्यांनी विनोदी पात्राकडे दिले आणि पूजेचा मान सिंधूला दिला. प्रेक्षक गीतेला हसले, सिंधूसाठी रडले, आणि घरी जाताना सिंधूला घेऊन गेले.

आणि सिंधू म्हणून रंगमंचावर आले कोण? बालगंधर्व! पुरुषाने लिहिलेली पतिव्रता पुरुषानेच साकारली, आणि बालगंधर्वांचे नेसणे, दागिने, केशरचना घरोघरच्या बायकांनी उचलली. त्यांच्या कलेपुढे मी हात जोडतो. पण बाईने कसे दिसावे आणि कसे सोसावे, याचा धडा बायकांनी एका पुरुषाकडून गिरवला, ही गोष्ट काही लहान नव्हे. 'आंधळ्यांची शाळा'त १९३३ साली ज्योत्स्नाबाई भोळे रंगमंचावर उभ्या राहिल्या, तेव्हा तो धडा थोडा पुसला जाऊ लागला.

हे केवळ आपल्याकडचेच आहे असेही नाही. इब्सेनची नोरा १८७९ साली नवऱ्याचे घर सोडून गेली. पण १८८० साली जर्मन रंगभूमीसाठी खुद्द इब्सेनलाच दुसरा शेवट लिहून द्यावा लागला. त्यात मुलांकडे पाहून नोराचे पाऊल अडते. हेच नाटक अनंत काणेकरांनी 'घरकुल' या नावाने मराठीत आणले.

आता सासरच्या छळाविरुद्ध १९८३ साली कायद्यात स्वतंत्र कलम आले, २००५ साली घरगुती हिंसेविरुद्ध वेगळा कायदा झाला. सिंधूला फौजदारापुढे खरे सांगता येईल, एवढी सोय झाली. पण "पाय घसरून पडले हो" असे सांगणारी एखादी शेजारीण आपल्या चाळीत, आपल्या सोसायटीत आजही भेटतेच ना?

तेव्हा या सुटीत ही दोन नाटके कपाटातून काढा आणि घरातल्या लेकी-सुनांसमवेत मोठ्याने वाचा. गीतेची वाक्ये मात्र हसण्यावारी नेऊ नका. वाचून झाल्यावर सिंधूने काय करायला हवे होते, हे घरातल्या मुलींना आधी बोलू द्या. आपण पुरुषमंडळींनी तेवढा वेळ चकली खावी.